कोणाची तुलना कोणाशी? मेडिकलच्या एका जागेचा हिशेब

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगर भागात फ्लेक्सची दाटी होते. फोटो, खाली नाव, त्याखाली मार्क. गावाकडून आलेला बाप तो आकडा वाचतो आणि विचारतो, ‘‘इतक्याला सरकारी लागतंय का?’’ निकालाच्या दिवशी या प्रश्नाचं पक्कं उत्तर कोणाकडेच नसतं. मार्क आणि जागा यांच्यामध्ये नियमांची एक लांबलचक वाट आहे, आणि कोणावर अन्याय झाला, कोणाला फुकट मिळालं, हे सगळे वाद त्या वाटेवरचे आहेत. ही वाट एकदा सावकाश चालून पाहू.

सुरुवात मार्कांपासून. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबर उत्तराला चार, चुकलेल्याला उणे एक. २०२४च्या निकालात आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाल्याचं जाहीर झालं. ग्रेस मार्कांचा घोळ निस्तरून सुधारित निकाल लागला तेव्हा ते १७ उरले. त्याच वर्षी पेपरफुटीच्या तपासाची एक वाट लातूरपर्यंतही आली होती. पुढच्या वर्षी, २०२५ला, पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे मार्क ६८६ होते. म्हणजे २०२४ला ६५० मार्क घेऊन रडणारा मुलगा आणि २०२५ला ६५० घेऊन पेढे वाटणारा मुलगा यांच्या फ्लेक्सवर आकडा तोच. लातूरच्या आडतीवर सोयाबीनचा भाव जसा त्या दिवशीच्या आवकेवर ठरतो, तशी मार्कांची किंमत त्या वर्षी पेपर कसा होता आणि इतरांनी काय केलं यावर ठरते. म्हणून प्रवेशात मार्क कोणी बघत नाही. बघतात तो रँक. सारखे मार्क पडले तर आधी बायोलॉजीचे मार्क पाहून वर-खाली ठरवतात.

‘पात्र’ ठरणं ही आणखी वेगळी गोष्ट. खुल्या आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल आणि इतर राखीव प्रवर्गांना ४० पर्सेंटाइल एवढीच पात्रतेची अट आहे. २०२५ला खुल्या प्रवर्गातला विद्यार्थी १४४ मार्कांवर पात्र होत होता. देशभरात बारा लाखांहून अधिक मुलं पात्र ठरली आणि एमबीबीएसच्या जागा, सरकारी-खाजगी सगळ्या धरून, सव्वा लाखाच्या घरात. त्यामुळे ‘पोरगं नीट पास झालं’ या वाक्याला तसा काही अर्थ नाही. तरी दरवर्षी या वाक्यावर लाखो रुपयांचे सल्ले विकले जातात.

रँक हातात आला की दोन दारं उघडतात. प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजच्या १५ टक्के जागा ‘ऑल इंडिया’ कोट्यात जातात. त्या दिल्लीची समिती भरते आणि देशातला कोणीही त्यांना अर्ज करू शकतो. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या. त्या मुंबईचा सीईटी सेल ‘कॅप’ फेऱ्यांतून भरतो. त्यांच्यासाठी महाराष्ट्राचा रहिवासी असणं आणि साधारणपणे दहावी-बारावी इथूनच झालेली असणं लागतं. हा १५ टक्क्यांचा तुकडा आकाशातून पडलेला नाही. प्रत्येक राज्य आपल्या मेडिकल कॉलेजांभोवती कुंपण घालून बसलं होतं. १९८४च्या प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काही भाग तरी सगळ्या देशाला खुला हवा. त्यानंतर दोन वर्षांत एमबीबीएससाठी तो भाग १५ टक्के ठरला.

दोन्ही दारांवरच्या याद्याही वेगळ्या आहेत, आणि इथे बरेच जण अडखळतात. ऑल इंडियात एससी १५, एसटी साडेसात, ओबीसी २७, ईडब्ल्यूएस १० टक्के. यातलं ओबीसी आणि ईडब्ल्यूएस आरक्षण २०२१ पासूनचं. राज्याच्या जागांत एससी १३, एसटी ७, व्हीजे (विमुक्त जाती) ३, भटक्या जमातींत एनटी-बी अडीच, एनटी-सी साडेतीन, एनटी-डी २ आणि ओबीसी १९ टक्के. मेडिकलमध्ये या १९ टक्क्यांतच एसबीसी धरले जातात. बेरीज ५०. त्यावर ईडब्ल्यूएसचे १० आणि २०२४च्या कायद्याने मराठा समाजाला दिलेले एसईबीसीचे १०.

मुखेड तालुक्यातल्या तांड्यावरची एक बंजारा मुलगी डोळ्यांसमोर आणा. मुंबईच्या यादीत ती व्हीजे, दिल्लीच्या यादीत ओबीसी. नांदेड जिल्ह्याची हद्द ओलांडून ती आदिलाबादकडे जन्मली असती तर एसटी, कारण तेलंगणातल्या लंबाडा समाजाचा समावेश १९७६ पासून अनुसूचित जमातींत आहे. भाषा तीच, नाती-गोती हद्दीच्या दोन्ही बाजूंना. मराठा मुलाचंही असंच: राज्याच्या फेरीत एसईबीसी, दिल्लीच्या फेरीत खुला किंवा उत्पन्न बसलं तर ईडब्ल्यूएस. आणि त्याच्याकडे कुणबी नोंद निघाली असेल तर दोन्हीकडे ओबीसी. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे या नोंदी हैदराबादच्या जुन्या दप्तरात शोधाव्या लागतात. २ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटचा आधार धरला आणि ओबीसी संघटनांनी त्याला विरोध केला, त्याच्या मुळाशी दाखला असला तरी त्या दाखल्याचं मोल शेवटी कॉलेजच्या जागेत मोजलं जातं. कोणत्या यादीत नाव बसतं यावर तुमची तुलना कोणाशी होणार हे ठरतं, आणि माझ्या मते सगळ्या भांडणाची नाडी इथे आहे. गुणवत्ता मोजायची की नाही याबद्दल वाद घालणारे फार थोडे भेटतात. कोणाची गुणवत्ता कोणाशेजारी ठेवून मोजायची, हा खरा वाद.

आता प्रत्यक्ष जागा कशा भरतात ते पाहू. १०० जागांचं एक सरकारी कॉलेज धरा. १५ दिल्लीला, ८५ राज्याला. ८५च्या १३ टक्के ११.०५, म्हणजे एससीच्या ११ जागा. एसटीच्या ७ टक्क्यांचे ५.९५, म्हणजे ६. ओबीसीच्या १६. व्हीजेचे ३ टक्के म्हणजे अडीचला थोडं वर, एनटी-डीचे दोन टक्के म्हणजे १.७. जागा काही अर्धी-पाऊण देता येत नाही, म्हणून पूर्णांक करावे लागतात, आणि तिथे एका आकड्याने एखाद्या समाजाची एक जागा वाढते किंवा जाते. या प्रत्येक कप्प्यात मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण. शिवाय दिव्यांग, सैनिकांची मुलं, डोंगरी भाग यांचे समांतर हिस्से. ‘समांतर’ याचा अर्थ ते वेगळे ढीग नाहीत, प्रत्येक कप्प्यातून आडवे जातात.

खुल्या जागांविषयी एक गैरसमज इतका पक्का बसलेला आहे की शिकलेली माणसंही तो बोलून दाखवतात: खुल्या जागा म्हणजे आरक्षण नसलेल्या जातींच्या जागा. तसं नाही. खुली जागा सगळ्यांना खुली. मुखेडच्या आपल्या मुलीचा रँक खुल्या यादीत बसत असेल तर ती खुल्या जागेवर जाते, व्हीजेच्या कोट्यात तिची मोजणी होत नाही. मग एक पेच पडतो. समजा, खुल्या जागेवर तिला दूरचं नवं कॉलेज मिळतंय, आणि व्हीजेच्या जागेवर मुंबईचं केईएम मिळालं असतं. जास्त मार्क पडले म्हणून तिला कमी पसंतीचं कॉलेज? १९९६ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका मेडिकल प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा पेच सोडवला: तिला पसंतीच्या कॉलेजची राखीव जागा घेता येईल, पण त्यामुळे तिच्या प्रवर्गाच्या एकूण जागांतून एक कमी झाली असं धरायचं नाही. नियम किचकट वाटतो, पण त्याच्याशिवाय हुशारीचीच शिक्षा झाली असती.

राखीव जागेसाठी रँक पुरत नाही, कागद लागतात. जातीचा दाखला, त्यावर जात वैधता प्रमाणपत्र, एससी-एसटी सोडून इतरांना नॉन-क्रीमिलेअर. वैधतेच्या समित्यांची चौकट सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये घालून दिली, तीही एका मेडिकल प्रवेशाच्याच प्रकरणात, महादेव कोळी असल्याच्या दाव्यावरून. पुढे राज्याने त्यावर कायदा केला. नांदेडच्या देगलूर-बिलोली पट्ट्यात मन्नेरवारलू जमातीच्या दाव्यांवरून असेच खटले वर्षानुवर्षं औरंगाबाद खंडपीठात चालत आले आहेत. वैधता फेटाळली तर घेतलेला प्रवेशही जाऊ शकतो. त्यामुळे जूनमध्ये इथल्या घरांत दोन प्रकारची धावपळ असते. एका घरात पसंतीक्रमाच्या याद्या चालू असतात, तर दुसऱ्या घरात आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा शोधणं. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नव्हते, त्यांची पंचाईत वेगळी.

आता ‘सत्तर-तीस’ या प्रदेशवार नियमाकडे येऊ. मराठवाड्याला न्याय म्हणजे काय, हा प्रश्न एकाच नियमाने दोनदा आणि दोन उलट्या उत्तरांनी सोडवला, याची ही गोष्ट आहे.

मागासलेल्या भागाला प्रवेशात वाटा हवा, हा विचार महाराष्ट्र राज्यापेक्षा जुना. १९५३च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्याला शास्त्रीय व व्यावसायिक शिक्षणाच्या संस्थांत लोकसंख्येच्या प्रमाणात प्रवेश देण्याचं कलम होतं. घटनेच्या ३७१(२) कलमात त्याचा प्रतिध्वनी आहे. पण करार आणि कॉलेज यांत अंतर. औरंगाबादचं सरकारी मेडिकल कॉलेज १९५६चं. मग अंबाजोगाई. नांदेडला १९८८ मध्ये, लातूरला २००२ मध्ये. तोवर मुंबई-पुण्याकडे कॉलेजं, अनुभवी शिक्षक, इंग्रजी शाळा सगळं आधीच जमलेलं. राज्यभर एकच यादी लावली तर मराठवाड्यातल्या कॉलेजांतही बाहेरचीच मुलं बसतील, ही भीती खरी होती. म्हणून राज्याने प्रदेशवार भिंती घातल्या. ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात तुम्ही शिकलात, त्याच क्षेत्रातल्या मेडिकल कॉलेजात तुम्हाला प्रवेश.

या पूर्ण भिंतीला आव्हान मिळालं. निदामर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८६च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की शंभर टक्के प्रदेशवार प्रवेश समानतेच्या तत्त्वात बसत नाही. पण विदर्भ-मराठवाड्यासारखे भाग मागे आहेत, तिथल्या विद्यार्थ्याला दूर जाऊन शिकणं परवडत नाही, हेही न्यायालयाने नाकारलं नाही. त्यामुळे मध्य काढला: प्रदेशासाठी ७० टक्क्यांपर्यंत, उरलेल्या किमान ३० टक्के जागा सगळ्या राज्याला. तोच पुढचा ७०:३०. मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन प्रदेश. मोजायचं कशावर? घर कुठे आहे यावर नाही, बारावी कुठून केली यावर.

तीस वर्षांत जमीन हलली. लातूर पॅटर्न उभा राहिला: बारावीच्या बोर्डासाठी अख्खं कॉलेज कामाला लावायचं, सराव परीक्षांमागून सराव परीक्षा, पेपर तपासून चुका दाखवायच्या, सुट्ट्यांत वर्ग. १९९९ला मेडिकलसाठी सीईटी आली तशी लातूरने कूस बदलली, आणि नीट पक्की झाल्यावर पुन्हा. नांदेडने खाजगी क्लासच्या जोरावर दुसरं केंद्र उभं केलं. बीड, परभणी, हिंगोली, सोलापूर, नगर, यवतमाळपासून मुलं इथे खोली करून, मेसचा डबा लावून राहू लागली. एका वर्षात जमलं नाही तर रिपीटर बॅच.

आता नियमाचा काटा उलटा फिरला. मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून ७० टक्क्यांच्या कोट्यातल्या जागा कमी. बारावी इथून केलेली आणि वरच्या रँकची मुलं मात्र भरपूर, त्यांत सोलापूर-नगरकडून आलेली मुलंही मराठवाड्याचीच धरली जाणार. परिणाम असा की मराठवाड्याची कट-ऑफ उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वर जाऊ लागली. ज्या मार्कांवर पुण्याकडच्या मुलाला सरकारी जागा मिळे, त्याच मार्कांवर लातूरचा मुलगा घरी बसे. मागासलेल्या भागाच्या रक्षणासाठी घातलेल्या भिंतीत तोच भाग कोंडला गेला. मग मराठवाड्यातूनच मागणी आली: भिंत पाडा, एक राज्य, एक यादी. ८ सप्टेंबर २०२० रोजी वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी विधानसभेत ७०:३० रद्द केल्याचं जाहीर केलं. ते लातूर शहराचे आमदार होते, हा योगायोग कोणाच्या नजरेतून सुटला नाही. इकडे फटाके वाजले, आणि आजवर मराठवाड्याच्या मागासलेपणावर भाषणं ऐकलेल्या इतर भागांतून आता ‘आमच्या मुलांवर अन्याय’ अशी ओरड झाली.

दोन्ही बाजूंच्या तोंडी शब्द ‘गुणवत्ता’च होता. १९८६ला मराठवाडा म्हणत होता, आमची तुलना आमच्यातच करा. २०२०ला म्हणाला, सगळ्यांशी करा. मला यात ढोंग दिसत नाही. परिस्थिती बदलल्यावर माणूस मागणी बदलतोच. पण ‘मराठवाडा’ म्हणून जे जिंकलं ते नेमकं कोण, हे विचारायला हवं. किनवटच्या झेडपी शाळेतून निघून तालुक्यालाच बारावी केलेली मुलगी ७०:३०च्या काळात श्यामनगरच्या क्लासमधल्या मुलाशी स्पर्धा करत होती, आणि आता तिच्या रांगेत मुंबई-पुण्याची मुलंही आली आहेत. तिला जुन्या नियमाने फारसं काही दिलं नव्हतं, नव्यानेही दिलेलं नाही. प्रदेशाचं माप तिच्यापर्यंत पोचतच नाही. ते जिल्ह्याच्या ठिकाणी थांबतं.

अमेरिकेत टेक्सासने हाच प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. तिथल्या एका न्यायालयाने १९९६ मध्ये विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, तेव्हा राज्याने १९९७ मध्ये कायदा केला: प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठात हक्काचा प्रवेश. शाळा श्रीमंत वस्तीतली असो की कृष्णवर्णीयांच्या किंवा मेक्सिकन मजुरांच्या वस्तीतली, तुमची तुलना तुमच्या बाकावरच्या मुलांशी. आपल्या ७०:३०चं तत्त्व तेच, फक्त तिथे एकक शाळा आणि इथे अख्खा प्रदेश. एकक लहान केल्यावर किनवटच्या मुलीसारख्यांना दिसण्याची संधी मिळते. पळवाटाही निघतात. काही टेक्सन पालकांनी वरच्या दहा टक्क्यांत यावं म्हणून मुलांना कमी चुरशीच्या शाळेत घातल्याचं अभ्यासकांना आढळलं. आपल्याकडे बारावी कुठून दाखवायची याचे हिशेब ७०:३०च्या काळात घरोघरी होत होते, तेव्हा हसण्यासारखं काही नाही.

अमेरिकेचा आणखी एक फरक इथल्या वाचकाने लक्षात ठेवावा. तिथे ठरावीक जागांचा कोटा १९७८च्या ‘बाकी’ (Bakke) खटल्यापासून निषिद्ध आहे. वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून पाहायला परवानगी होती, तीही जून २०२३च्या हार्वर्ड निकालाने गेली. फक्त कृष्णवर्णीयांसाठीची गुणवत्ता शिष्यवृत्ती त्याआधीच न्यायालयात पडली होती. मेरीलँड विद्यापीठाची बॅनेकर शिष्यवृत्ती १९९४ मध्ये रद्द ठरली. पण तिथल्या नामांकित कॉलेजांत निबंध, शिफारशी, खेळ, आई-बाप त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी आहेत का, हे सगळं बंद खोलीत तोललं जातं. कोणाला का घेतलं ते बाहेर कळत नाही. आपल्याकडे कोटा उघड्यावर आहे आणि निवड संगणक करतो. कोणत्या कॉलेजात कोणत्या प्रवर्गाचा शेवटचा प्रवेश कोणत्या रँकवर झाला, हे नांदेडच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर कळतं. उघडेपणाची किंमतही आहे: राखीव जागेवरच्या मुलाला त्याचा रँक पाच वर्षं ऐकवला जातो. तरी मला उघडी पद्धत बरी वाटते. ती निदान वाद घालू देते.

या दोन जगांना जोडणारा एक माणूस लातूरचाच. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७०चं. लातूर पॅटर्न ज्या कॉलेजांनी घडवला त्यांतलं एक ठळक नाव. त्याचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे व संस्कृतीचे मराठीतले महत्त्वाचे अभ्यासक. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं तेव्हा पहिले कुलगुरूही तेच. आणि कॉलेजला नाव आहे त्या राजाचं, ज्याने २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात निम्म्या नोकऱ्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. त्या फाटकातून आत जाताना ‘मेरिटला आरक्षणाने खाल्लं’ असं म्हणणाऱ्याने वर पाटी वाचायला हरकत नाही.

इथवर मुलगा बारावीला पोचल्यावरचा हिशेब झाला. त्याच्याही आधीचा हिशेब पैशाचा, आणि तो कोणत्याच मेरिट लिस्टमध्ये छापत नाही. लातूर-नांदेडला दोन वर्षांचा क्लास, खोली, मेस मिळून खर्च सहज काही लाखांवर जातो. रिपीटरचं वर्ष धरलं तर आणखी. त्यासमोर शिष्यवृत्त्या ठेवून पाहा. आठवीत एनएमएमएस परीक्षा होते. अनुदानित आणि सरकारी शाळांतल्या, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी. महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ शिष्यवृत्त्या. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. मराठा-कुणबी मुलांपैकी पास होऊनही कोट्यात न बसणाऱ्यांना राज्याची ‘सारथी’ संस्था वर्षाला ९,६०० देते. दहावीला ७५ टक्क्यांच्या वर असलेल्या एससी विद्यार्थ्याला अकरावी-बारावीत राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे: महिन्याला ३०० रुपये, वर्षाला दहा महिने. महिन्याच्या या तीनशेत लातूरच्या मेसचा एक आठवडाही निघणार नाही. महाज्योती आणि बार्टी या राज्याच्या संस्था नीटची मोफत तयारी करून घेतात, महाज्योतीकडून ओबीसी-भटक्यांच्या मुलांना टॅब मिळतो. हे उपयोगाचं आहे, पण ट्यूशन एरियात रोज संध्याकाळी डाउट सोडवायला समोर बसलेला सर आणि टॅबवरचा सर यांत फरक राहतोच.

प्रवेश मिळाल्यावर मात्र राज्याचा हात बराच सैल सुटतो. एससी-एसटीला भारत सरकारची शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप, ओबीसी आणि ईबीसीला फीमध्ये सवलत. जुलै २०२४च्या निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. सगळं महाडीबीटीवरून, कॅपमधून प्रवेश घेतला असेल तरच. म्हणजे मदतीचा मोठा भाग शर्यत जिंकल्यावर मिळतो आणि शर्यतीच्या तयारीला महिन्याचे तीनशे. मला विचाराल तर उलट असायला हवं.

आणि एक कोटा असा आहे ज्याच्याविषयी ट्यूशन एरियात फारसं कोणी तावातावाने बोलत नाही. २००५च्या इनामदार निकालाने (हाही महाराष्ट्राचा) खाजगी कॉलेजांना १५ टक्क्यांपर्यंत एनआरआय जागा जादा फीवर भरायला मुभा दिली. तिथे कितीतरी खालच्या रँकवर प्रवेश होतात. त्यांचा रँक पाच वर्षं कोणी ऐकवत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ऑल इंडियातलं ओबीसी आरक्षण उचलून धरताना परीक्षेतले मार्क म्हणजेच संपूर्ण गुणवत्ता असं मानायला नकार दिला. शाळा, घरातलं शिक्षण, क्लास परवडणं यांतून मिळालेली आघाडी त्या मार्कांत आधीच मिसळलेली असते, हा त्यामागचा विचार. तमिळनाडूने २०२० पासून सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी मेडिकलच्या साडेसात टक्के जागा ठेवून हा विचार व्यवहारात आणला. जातीच्या याद्यांना हात न लावता, प्रदेशाची भिंत न बांधता, कोणत्या शाळेतून आलास एवढंच विचारायचं. महाराष्ट्रात असं काही नाही. असतं तर किनवटच्या मुलीचा हिशेब पहिल्यांदा बदलला असता.

दरम्यान कॉलेजं वाढली. धाराशिव २०२२, परभणी २०२३, जालना आणि हिंगोली २०२४. आता मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. ७०:३० असतं तर यातला मोठा वाटा इथे बारावी केलेल्यांना मिळाला असता, आणि कदाचित कट-ऑफचा काटा पुन्हा फिरला असता. भिंत पाडली गेली नेमकी कॉलेजं येण्याच्या तोंडावर. हिंगोलीच्या नव्या कॉलेजात हिंगोलीच्या मुलाला वेगळा हक्क नाही. जिल्ह्याला मिळतं ते रुग्णालय, आणि शिवाय बंधपत्र: सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा करायची. दहा लाख रुपये भरून ती टाळण्याची सोयही होती. ते दहा लाख भरणं कोणाला परवडलं आणि माहूरच्या आरोग्य केंद्रात वर्षभर कोण राहिलं, याची प्रवर्गवार आणि प्रदेशवार यादी सीईटी सेलच्या याद्यांइतक्याच उघडपणे लागली, तर गुणवत्तेच्या वादाला बोलायला आणखी एक आकडा मिळेल.